कालवा परक्या पैशाचा, क्षार मात्र शेतकऱ्याचे

(रब्बी हंगामाच्या तोंडावर भरलेल्या शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज ‘पाणथळ व क्षारपड जमिनींची सुधारणा’ हा विषय दिलेला आहे. पण सुरुवात मी जरा लांबून, सिंधू नदीच्या खोऱ्यापासून करणार आहे. त्याला कारण आपणच आहात. २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने पाकिस्तानबरोबरचा सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले. तेव्हापासून ज्या गावात जावे तिथे कोणीतरी विचारतोच, “सर, ते पाणी आता आपल्याला मिळणार का?” एका गावात तर एका आजोबांनी विचारले, “मुळात तिकडचे एवढे कालवे बांधले कोणी?”

आजोबांचा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला. त्याचे उत्तर शोधत गेलो की आपण थेट आपल्या शेताच्या बांधावर येऊन पोहोचतो. कसे ते पाहू.

भांडण कसे सुरू झाले?

पंजाबातले मोठे कालवे इंग्रजांनी काढले. ते काढताना सगळा पंजाब एकच होता. १९४७ च्या फाळणीत सरहद्दीची रेघ कालव्यांवरून गेली. रावीवरील माधोपूर आणि सतलजवरील फिरोजपूर ही मुखाकडची बांधकामे भारतात राहिली. त्यांच्या पाण्यावर पिकणारी बरीचशी शेते पाकिस्तानात गेली. पाण्याबाबतच्या तात्पुरत्या समझोत्याची मुदत ३१ मार्च १९४८ ला संपली आणि १ एप्रिलला पूर्व पंजाबने पाणी बंद केले. महिनाभराने, ४ मे १९४८ रोजी दिल्लीत बोलणी होऊन ते पुन्हा सुरू झाले. पण मुख आपल्या हाती नाही, ही भीती खालच्या बाजूच्या शेतकऱ्याच्या मनात कायमची बसली. कालव्याच्या टेलला ज्याची जमीन आहे, त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

१९५१ मध्ये अमेरिकेतील टेनेसी खोरे प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष डेव्हिड लिलिएन्थाल इकडे येऊन गेले. दोन्ही देशांनी मिळून खोऱ्याचा विकास करावा आणि विश्व बँकेने त्यात मदत करावी, असे त्यांनी लिहिले. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी हे काम अंगावर घेतले. एकत्र विकासाची कल्पना मात्र टिकली नाही. शेवटी नद्याच वाटून घ्यायचे ठरले. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंडित नेहरू आणि अयूब खान यांनी करारावर सह्या केल्या. विश्व बँकेच्या वतीनेही सही झाली.

रावी, बियास आणि सतलज या पूर्वेकडील नद्या भारताला मिळाल्या. सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेकडील नद्यांचे पाणी, ठरावीक वापर वगळता, पाकिस्तानला मिळाले. पूर्वेकडील नद्यांचे सरासरी वार्षिक पाणी सुमारे ३.३ कोटी एकर-फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने १,४०० टीएमसीच्या वर. १०५ टीएमसीचे कोयना धरण तेरा-चौदा वेळा भरेल एवढे. पश्चिमेकडील नद्यांचे पाणी याच्या चौपट.

पैसा कोणी दिला, आणि का?

आता अडचण अशी झाली की पाकिस्तानातील पूर्वेकडचे कालवे रावी-सतलजवर चालत होते, आणि त्या नद्या भारताच्या वाट्याला आल्या. म्हणजे पश्चिमेकडील नद्यांचे पाणी शेकडो किलोमीटर पूर्वेला नेणे भाग होते. त्यासाठी दोन मोठी धरणे, पाच बराज, एक सायफन आणि आठ जोडकालवे बांधायचे ठरले. एवढा खर्च एकट्या पाकिस्तानला झेपणारा नव्हता.

मग कराराच्याच दिवशी सिंधू खोरे विकास निधी उभा राहिला. सुरुवातीचा अंदाज सुमारे ९० कोटी डॉलरचा होता. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पश्चिम जर्मनी आणि न्यूझीलंड या देशांनी त्यात पैसा घातला, विश्व बँकेने कर्ज दिले. भारतानेही सुमारे ६ कोटी २० लाख पौंड दहा वार्षिक हप्त्यांत द्यायचे मान्य केले. १९६५ च्या युद्धाच्या काळातही हे हप्ते थांबले नाहीत. भारतालाही बियास प्रकल्पासाठी बाहेरून कर्ज मिळाले.

सातासमुद्रापलीकडच्या देशांना झेलमच्या पाण्याचे एवढे अगत्य का? तो काळ अमेरिका आणि रशिया यांच्यातील शीतयुद्धाचा होता. पाकिस्तान १९५४-५५ मध्ये अमेरिकेच्या बाजूच्या लष्करी गटांत सामील झाला होता. पाण्यावरून या दोन देशांत युद्ध पेटू नये आणि हा भाग रशियाकडे झुकू नये, हा पाश्चात्त्य देशांचा हिशेब होता. शिवाय दिलेल्या पैशाचा बराच भाग त्यांच्याच सल्लागारांकडे आणि कंपन्यांकडे परत गेला. मंगला धरणाचे आराखडे ब्रिटिश सल्लागारांचे होते, तर बांधकाम अमेरिकी कंपन्यांच्या गटाने केले. तर्बेलाचे काम इटालियन कंपनीच्या पुढाकाराने झाले.

मी हे टीका म्हणून सांगत नाही. या कराराने दोन देशांत साठ वर्षांहून अधिक काळ पाण्याची घडी बसवून दिली, ही लहान गोष्ट नाही. मंगला १९६७ मध्ये आणि तर्बेला १९७६ मध्ये पूर्ण झाले. चष्मा-झेलम या जोडकालव्याची क्षमताच २१,७०० क्युसेक आहे. तो पूर्ण भरून चालला तर आठ आठवड्यांत कोयना भरेल. त्या पाण्यावर गहू, भात, कापूस आणि ऊस पिकला, लाखो घरांत अन्न गेले.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. नवे कालवे होईपर्यंत भारताने पूर्वेकडील नद्यांचे पाणी ३१ मार्च १९७० पर्यंत पुरवायचे, असे करारात होते. म्हणजे दहा वर्षांत सगळे उरकायचे. ही मुदत राजकारणाने ठरवली, जमिनीला कोणी विचारले नाही. कालव्याचे उद्घाटन होते, फोटो निघतो, दात्या देशाचे नाव पाटीवर लागते. निचऱ्याच्या चराचे उद्घाटन करायला कोण येणार?

सेम आणि थूर

आपण ज्याला चिबड जमीन म्हणतो, तिला पंजाबात ‘सेम’ म्हणतात. क्षारांनी पांढरी पडली की ‘थूर’. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना शब्द तेच आहेत, कारण दुखणे एकच आहे.

हे दुखणे जोडकालव्यांच्या आधीपासूनचे. इंग्रजांच्या काळातले कालवे मातीचे होते. कालवे, चाऱ्या आणि शेते यांतून पाणी वर्षानुवर्षे मुरत गेले. दोन नद्यांमधील दोआबात पूर्वी खूप खोल असलेले भूजल वर चढत चढत मुळांपर्यंत आले. त्यात नव्या कालव्यांची भर पडली.

पाणी गोड आहे मग क्षार आले कुठून, असे आपण विचाराल. हिशेब साधा आहे. समजा कालव्याच्या पाण्यात लिटरला फक्त ०.३ ग्रॅम क्षार आहेत. हे पाणी चवीला गोडच लागते. एका हेक्टरला दहा सेंटिमीटरची एक पाळी दिली, तर दहा लाख लिटर पाणी झाले. म्हणजे एका पाळीत ३०० किलो क्षार शेतात आले. वर्षाला दहा पाळ्या धरल्या तर तीन टन. एकरी हिशेब केला तर ५० किलोची २४ पोती! पाणी पीक पिते, ऊन पिते. क्षार कोणीच पीत नाही. निचरा असेल तर ते पाण्याबरोबर खाली निघून जातात. नसेल तर जमिनीतच साठतात, आणि भूजल वर आले की केशाकर्षणाने वरच्या थरात येऊन बसतात.

म्हणून प्रत्येक कालव्याची दोन कामे असतात, पाणी आणणे आणि पाणी बाहेर काढणे. पहिल्या कामासाठी सरकारांमध्ये करार होतात. दुसऱ्या कामासाठी शेत पांढरे पडेपर्यंत कोणी कोणाशी करार करत नाही.

निचऱ्यासाठी पुन्हा कर्ज

पाकिस्तानात दरवर्षी हजारो एकर जमीन बिघडू लागली, तेव्हा निचऱ्यासाठी पुन्हा परदेशी पैसा आला. १९६० च्या सुमारास रावी-चिनाबच्या दोआबात अमेरिकी मदतीने सुमारे दोन हजार सरकारी कूपनलिका बसवल्या गेल्या. अध्यक्ष केनेडी यांच्या काळात रॉजर रेव्हेल यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचे पथक नेमले गेले, त्याचा अहवाल १९६४ मध्ये आला. उपसा करून भूजल खाली न्यायचे आणि तेच पाणी पिकाला द्यायचे, अशी ही कल्पना.

जिथे भूजल गोड होते तिथे गुण आला. जिथे खारे होते तिथे उपसलेले पाणी टाकायचे कुठे, हा प्रश्न पडला. वीज, दुरुस्ती आणि माणसे यांचा खर्च वर्षानुवर्षे सरकारच्या डोक्यावर बसला. पुढे या सरकारी कूपनलिका बंद करून शेतकऱ्यांच्या खाजगी कूपनलिकांवर भिस्त ठेवण्याचे धोरण आले, आणि त्यासाठीही विश्व बँकेचेच कर्ज घ्यावे लागले.

सिंध प्रांतात तर याहून मोठे काम निघाले. डाव्या काठाचा एक महाचर १९८० च्या दशकात विश्व बँक, आशियाई विकास बँक आणि इतर अनेक दात्यांच्या पैशातून सुरू झाला. नवाबशाह, सांघर आणि मीरपूरखास या जिल्ह्यांतील सुमारे पाच लाख हेक्टरांचे खारे पाणी गोळा करून बदीन जिल्ह्यातून समुद्रात सोडायचे, ही योजना. वरच्या तीन जिल्ह्यांचा निचरा आणि त्याचे तोंड चौथ्याच्या दारात.

समुद्राने ऐकले नाही. भरतीचे पाणी उलटे चरात शिरू लागले, काठ खचले. १९९८ साली तोंडाजवळचा बांध वाहून गेला, पुढच्या वर्षी चक्रीवादळ आले. जुलै २००३ च्या मुसळधार पावसात वरचे पाणी आणि खालचा पाऊस एकत्र होऊन बदीनमधील गावे बुडाली, माणसे दगावली. २००४ मध्ये तिथल्या रहिवाशांनी विश्व बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. २००६ च्या अहवालात मंडळाने आराखड्यातील आणि पूर्वतयारीतील त्रुटी दाखवून दिल्या. त्रुटी कागदावर मान्य झाल्या. कर्ज फेडायचे ते देशाने आणि खारी जमीन कसायची ती बदीनच्या शेतकऱ्याने, यात मात्र फरक पडला नाही.

सरहद्दीच्या अलीकडे

हे सगळे फक्त पलीकडेच घडले असे समजू नका. पूर्वेकडील नद्यांचे पाणी हरिके बराजपासून राजस्थानच्या वाळवंटात नेणाऱ्या कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. तोच आजचा इंदिरा गांधी कालवा. पंजाबातून येणारा पुरवठा कालवा आणि राजस्थानातील मुख्य कालवा मिळून लांबी सुमारे ६५० किलोमीटर. त्याच्या लाभक्षेत्र विकासासाठी १९७० च्या दशकात विश्व बँकेचे कर्जही आले. वाळूत गहू, हरभरा आणि कापूस पिकला, हे खरे. पण जमिनीखाली ठिकठिकाणी घट्ट थर असल्याने पाणी खाली न जाता साचले. हनुमानगड-गंगानगर भागात घरांच्या भिंतींना ओल आली आणि पिकती शेते सेममध्ये गेली. पंजाबातील मुक्तसर भागातही हेच दुखणे आहे. देश दोन, करार एक, आणि जमिनीचे दुखणेही एकच.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. “ते पाणी आपल्याला मिळणार का?” करार कागदावर स्थगित करता येतो, नदी स्थगित करता येत नाही. चिनाब-झेलमचे पाणी अडवून वळवायचे तर मोठे साठे, बोगदे आणि कालवे लागतात. त्याला वर्षे लागतात. आणि ते झाले तरी पाणी प्रथम उत्तरेकडील राज्यांत जाईल, आपल्या चारीत येणार नाही. मे २०२५ मध्ये विश्व बँकेच्या अध्यक्षांनीही सांगून टाकले की आमची भूमिका केवळ साहाय्यकाची आहे. ज्या संस्थेने पैसा उभा केला, तिच्या हातात आज निर्णय नाही. परक्या पैशाच्या कालव्याचा हाही एक धडा आहे.

दाते बदलले तरी प्रश्न राहतात. कंबोडियात ५ ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे १८० किलोमीटर लांबीच्या फुनान तेचो कालव्याचा आरंभ झाला. त्यात चिनी कंपनीची भागीदारी आहे. तो मुख्यतः जलवाहतुकीसाठी आहे. तरीही मेकाँगचे पाणी कमी होईल आणि खारे पाणी आत शिरेल, ही चिंता खालच्या बाजूच्या व्हिएतनामला, विशेषतः भात पिकवणाऱ्या त्रिभुज प्रदेशाला लागली आहे. तिथेही चर्चा मोठ्या देशांच्या डावपेचांची जास्त आणि खाचरातील क्षारांची कमी होते.

माझ्या मामांचा चर

आता आपल्या शिवारात येऊ. माझे आजोळ कालव्याखालचे. मामांचा दोन एकरांचा तुकडा गावात सर्वांत चांगला मानला जाई. पाणी आले, ऊस आला आणि पंधरा-वीस वर्षांत त्यातला एक एकर चिबडला. मी कृषी पदवीधर झालो तेव्हा मोठ्या उत्साहाने मामांना चर काढायला लावला. पैसे खर्च झाले. चर उत्तम निघाला, पण ओढ्यापर्यंत जाण्याआधी तो ज्यांच्या रानातून जाणार होता त्यांनी हरकत घेतली. “तुमचे खारे पाणी माझ्या रानात कशाला?” असे ते म्हणाले. त्यांचे चुकले असे मी आज म्हणणार नाही. मी मामांच्या जमिनीचा उतार मोजला होता, खालच्या शेतकऱ्याशी बोललोच नव्हतो. दोन पावसाळ्यांत चर बुजला. मामा मला काही बोलले नाहीत, पण तो एकर अजून पडीक आहे.

बदीनचा महाचर काय आणि मामांचा चर काय, चूक एकच. पाणी सोडण्याआधी ते सोसणाऱ्याला कोणी विचारले नाही. आपल्याकडे नीरा डाव्या कालव्याखाली पहिली काही दशके जाताच जमिनी बिघडू लागल्या होत्या. सांगली-कोल्हापूरच्या ऊस पट्ट्यात आजही हजारो हेक्टर क्षारपड आहे. महाराष्ट्रातही सिंचनासाठी विश्व बँकेची कर्जे आली, २००५ पासूनचा जलक्षेत्र सुधार प्रकल्प त्यातलाच. कर्ज वाईट नसते. पण कर्जाचा आराखडा होतो तेव्हा आपण कुठे असतो, हा खरा प्रश्न आहे.

आपण काय करावे?

१. भूजलाची पातळी स्वतः मोजा. शेतात दोन मीटर खोलीचे छिद्र घेऊन सच्छिद्र पाइप बसवा. महिन्यातून एकदा पाणी किती खोल आहे ते वहीत लिहा. पातळी दीड मीटरच्या आत आली की धोका समजावा.

२. माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. विद्युत वाहकता ४ डेसीसायमनच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीला होतो. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला निचरा आणि गोड पाण्याची धुवण लागते. तपासणीशिवाय जिप्समवर पैसा घालू नये.

३. पाणी मोजून द्या. पाळी आली म्हणून सरी तुडुंब भरू नये. शक्य तिथे ठिबक वापरावे. सलग उसाऐवजी फेरपालट आणि धैंचा-तागासारखे हिरवळीचे पीक घ्यावे.

४. निचरा एकट्याने करू नये, शिवाराने करावा. काम खालून वर न्यावे. आधी ओढा-नाला मोकळा करावा, मग मुख्य चर, शेवटी शेतातील चर किंवा सच्छिद्र नळ्या. पाणी ज्यांच्या रानातून जाणार त्यांच्याशी प्रथम बोलून लेखी संमती घ्यावी आणि खर्चात त्यांचाही फायदा पाहावा.

५. पाणी वापर संस्था कागदावर ठेवू नका. २००५ च्या कायद्याने सिंचन व्यवस्थापनाचा अधिकार शेतकऱ्यांच्या संस्थांना दिलेला आहे. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावरील शेतकऱ्यांनी तो वापरून दाखवला आहे. संस्थेच्या सभेत पाणीपट्टीबरोबर निचरा हा विषयही दरवेळी घ्यावा.

६. आपल्या भागात कर्जाची मोठी योजना आली की चार प्रश्न विचारा. पाणी येईल, पण जाईल कुठून? ते कोणाच्या रानातून जाईल? दहा वर्षांनी दुरुस्ती कोण करील? आणि पैसा संपल्यावर इथे कोण उरेल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मला आजच ठाऊक आहे. सल्लागार परत जातात, बँकेचे अधिकारी बदलतात, सरकारे बदलतात, करार स्थगित होतात. शेवटी उरतो तो शेतकरी आणि त्याची जमीन. म्हणून बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरे पहिले कुदळ पडण्याआधी मागून घेण्याचा अधिकार आपला आहे.

येत्या रब्बीत मी पुन्हा आजोळी जाणार आहे. या वेळी लेव्हलचे यंत्र घेण्याआधी खालच्या रानातल्या त्या शेतकऱ्यांच्या घरी चहाला जाईन, मामांना बरोबर घेऊन. आपणही आपल्या खालच्या बांधावरच्या शेजाऱ्याला आज घरी जाताना भेटावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.